झाकलेल्या बाटलीचा निकाल

अमरावती-अकोल्यातल्या फिजिशियनच्या तपासणीच्या खोलीत अलीकडे एक प्रश्न हमखास येतो. रिपोर्ट पाहून झालेले असतात, गोळ्या लिहून झालेल्या असतात, पेशंट उठतो आणि दाराशी थबकून विचारतो, "डॉक्टरसाहेब, दारू तर सोडलीच. पण वाइन चालते ना? हार्टला चांगली म्हणतात." बायको सोबत असेल तर हाच प्रश्न जरा हळू आवाजात येतो. बाटली बहुधा पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाने किंवा जावयाने आणलेली असते. पांढरी असेल तर लेबलवर अनेकदा 'शार्डोने' हे नाव असते आणि किंमत असते हजार रुपयांच्या आत-बाहेर.

या एका प्रश्नात खरे तर दोन प्रश्न दडलेले आहेत. पहिला, ही वाइन चांगली आहे का? दुसरा, ती अंगाला चालते का? पहिल्याचे उत्तर नाक-जिभेने द्यायचे आणि दुसऱ्याचे वैद्यकशास्त्राने. पण दोन्ही ठिकाणी माणसाची फसगत एकाच जागी होते, ती म्हणजे लेबलापाशी. आणि दोन्ही ठिकाणी त्यावरचा इलाजही एकच आहे: लेबल झाका, मग निकाल द्या.

शार्डोने हे कंपनीचे नाव नव्हे, द्राक्षाच्या जातीचे आहे. मूळ फ्रान्समधल्या बर्गंडीचे. १९९९ मध्ये डीएनए तपासणीतून या जातीचे आईबाप सापडले. एक पिनो हे खानदानी द्राक्ष आणि दुसरे गुए ब्लां, ज्याला फ्रान्समध्ये कोणी मान देत नसे. खुद्द शार्डोनेचा स्वतःचा वास बेताचाच असतो. म्हणून ती कुठे वाढली, कधी तोडली आणि तळघरात तिचे काय केले, हे सगळे चवीत उतरते. परीक्षा घ्यायला हे द्राक्ष सोयीचे, ते यामुळेच.

आपल्या राज्यात ती नाशिकच्या पट्ट्याबाहेरही पिकते. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला, भर उसाच्या मुलखात, २००७ च्या सुमारास तीन घरांतल्या भावाभावांनी मिळून वायनरी उभी केली: अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची. म्हणून तिचे नाव 'फ्रातेल्ली', इटालियन भाषेत भाऊ. वाइन बनवण्याचे काम इटलीतल्या टस्कनीचे पिएरो मासी यांनी हाती घेतले.

उन्हाळ्याचे ऊन सोसणाऱ्या या भागात थंड प्रदेशातले द्राक्ष कसे टिकते, हे वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदाराला फार समजावून सांगावे लागणार नाही. झाडाला ताण देऊन आंबिया किंवा मृग बहार धरायचा, म्हणजे झाडाचे वेळापत्रक आपल्या हातात घ्यायचे. द्राक्षाचेही तसेच. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी, आणि घड तोडायचे ते थंडी ओसरण्याच्या सुमारास. फ्रान्समध्ये द्राक्षे सप्टेंबरात तोडतात, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. तरीही अडचण उरतेच. उकाड्यात फळातले मॅलिक आम्ल वेल स्वतःच वापरून टाकते आणि साखर मात्र भराभर वाढते. आंबटपणा कमी आणि साखर जास्त असलेल्या रसाची वाइन जिभेवर सपक आणि घशात कडक लागते. म्हणून घड थंड वेळी, रात्री किंवा पहाटे तोडतात आणि गरजेप्रमाणे रसात टार्टारिक आम्ल घालतात. त्यात बिचकण्यासारखे काही नाही. चिंचेचा आंबटपणा त्याच आम्लाचा.

किमतीतला मोठा फरक इथून पुढे पडतो. ओकच्या लाकडाची नवी पिंपे फार महाग असतात. त्यामुळे परवडणारी शार्डोने बहुधा स्टीलच्या टाकीत आंबवतात, फार तर थोडी पिंपात ठेवतात किंवा ओकच्या लाकडाचे तुकडे टाकीत सोडतात. व्हॅनिलासारखा वास लाकडातून येतो. लोण्यासारखा वास मात्र लाकडाचा नव्हे, जिवाणूंचा. हे जिवाणू रसातल्या मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे दह्यातले आम्ल, आणि त्या ओघात डायअसिटिल नावाचे द्रव्य तयार होते. ताज्या लोण्याला आणि ताकाला वास येतो तो याच द्रव्याचा. ज्या घरात रवीने ताक घुसळले जाते, त्या घरातल्या आजीला शार्डोनेतला हा वास एखाद्या परदेशी परीक्षकाआधी ओळखू येईल. अर्थात ती पेला हातात धरणार नाही, हा भाग वेगळा.

परीक्षा घ्यायची रीत साधी आहे. पेला एकतृतीयांश भरायचा आणि पांढऱ्या कागदासमोर रंग पाहायचा. फिकट गवती ते सोनेरी ठीक, तपकिरी छटा आली असेल तर हवा लागून वाइन उतरलेली असते. मग न हलवता एकदा वास, पेला गोल फिरवून पुन्हा वास. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचाचा दोष, सिरक्यासारखा आला तर जिवाणूंचा. घोट घेतल्यावर जबड्याच्या कडेला लाळ सुटते का पाहावे, तो आंबटपणा जिवंत असल्याचा पुरावा. घशात नुसती ऊब उरते की फळाचा स्वादही मागे रेंगाळतो, तेही पाहावे. वाइनवरच्या पुस्तकांत गूजबेरी, हनीसकल अशी नावे येतात. जे फळ-फूल आपण पाहिलेच नाही त्याची आठवण काढण्यात अर्थ नाही. हिरवे सफरचंद, मोसंबीची साल, पिकलेले अननस, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, जे वाटेल ते आपल्या भाषेत लिहावे. मार्च-एप्रिलमध्ये मेळघाटात मोहाच्या झाडाखालून गेलेल्या माणसाला गोड आणि आंबूस यांच्या मधला वास शिकवावा लागत नाही.

थंडावा महत्त्वाचा. १० ते १२ अंशांना शार्डोनेची चव बरोबर कळते. फ्रिजमधून थेट काढली तर वास गप्प बसतो, गरम झाली की अल्कोहोलचा भपकारा तेवढा येतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्या दिवसांत गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेली किंवा गच्चीखालच्या कपाटात पडून राहिलेली बाटली शिजलेल्या फळासारखी लागते. त्यात बनवणाऱ्याचा दोष नसतो. आणि चखणा म्हणून झणझणीत शेव किंवा ठेचा समोर असेल तर परीक्षा तिथेच संपली. अल्कोहोलने मिरचीची आग वाढते आणि बाकी काहीच कळत नाही.

यात जिभेचे काम आपण समजतो त्यापेक्षा कमी आहे. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढेच कळते. बाकी सगळे नाकाचे. माणसाच्या नाकात गंध ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात आणि तोंडातला वास घशामागून तिथे पोहोचतो. नाक घट्ट दाबून बडीशेप चावून पाहा, थोडा गोडवा कळेल, बडीशेप कळणार नाही. बोटे काढली की क्षणात कळते. कोविडमध्ये अनेकांनी 'चव गेली' अशी तक्रार केली, तेव्हा गेला होता तो बहुतेकांचा वास. सर्दी-पडसे नसताना वास हळूहळू कमी होत गेला तर ते डॉक्टरांना सांगावे. पार्किन्सनच्या आजारात हात थरथरण्याच्या कित्येक वर्षे आधी वास मंदावू शकतो. आणि आपल्या भागातली विशेष गोष्ट म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना दिवसभर गालात ठेवणाऱ्याचे तोंड इतके राठ होते की हजाराची वाइन आणि शंभराची यातला फरक त्याला लागणे कठीण. खर्ऱ्याचे याहून गंभीर काम पुढे येईलच.

नाक चांगले असले तरी निकाल चांगला येतोच असे नाही, कारण नाकाच्या आधी डोळे निकाल देऊन मोकळे होतात. याचा सर्वांत गाजलेला पुरावा शार्डोनेचाच आहे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरिअर या इंग्रज वाइन व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांसमोर कॅलिफोर्नियाच्या सहा आणि बर्गंडीच्या चार शार्डोने झाकून ठेवल्या. त्या काळी अमेरिकन वाइनला फ्रान्समध्ये कोणी हिंग लावून विचारत नसे. एका परीक्षकाने नापा खोऱ्यातली वाइन चाखून 'हे खरे फ्रान्स' अशा अर्थाची दाद दिली. गुणांची बेरीज झाली तेव्हा पहिली आली १९७३ ची शातो मॉन्टेलेना, कॅलिफोर्नियातल्या बॅरेट कुटुंबाच्या वायनरीची. हेच स्पुरिअर पुढे अकलूजच्या वायनरीशी जोडले गेले. मासी आणि स्पुरिअर यांच्या आद्याक्षरांवरून 'एम/एस' नावाच्या वाइन तिथे निघाल्या, त्यातल्या पांढऱ्या वाइनमध्ये शार्डोनेचा वाटा आहे.

पॅरिसचा निकाल हा योगायोग नव्हता, हे पुढच्या प्रयोगांनी दाखवले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतल्या अभ्यासात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्याच वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळून दिला. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. २००८ मध्ये अमेरिकेत लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून नळीने वाइन पाजली. पाच डॉलरची वाइन ४५ डॉलरची म्हणून सांगितली की ती अधिक आवडायची. ही नुसती लाजेकाजेस्तव दिलेली दाद नव्हती. मेंदूच्या ज्या भागात सुखद अनुभव नोंदला जातो, तो भागही जास्त किमतीच्या नावाने अधिक सक्रिय व्हायचा. म्हणजे किंमत माणसाला खोटे बोलायला लावत नाही, चवच बदलून टाकते. त्याच वर्षी आलेल्या सहा हजारांहून अधिक झाकून घेतलेल्या चाचण्यांच्या विश्लेषणात सर्वसामान्य लोकांना महाग वाइन किंचित कमीच आवडल्याचे दिसले.

मग तज्ज्ञांचे काय? रॉबर्ट हॉजसन नावाच्या निवृत्त प्राध्यापकाने कॅलिफोर्नियाच्या राज्य स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा दिली. तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देणारे परीक्षक दहांत एक निघाले.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला यात नवल वाटू नये. कापूस खरेदीच्या केंद्रावर ग्रेडर चिमटीत धागा ओढून प्रत ठरवत आला आहे. बोटे कितीही तयार असली तरी गाडी कोणाची हे दिसत असताना दिलेल्या प्रतीबद्दल कुरबुर राहतेच. कापसाच्या लांबीला आता यंत्र आहे. वाइनच्या चवीला ते नाही, म्हणून बाटली झाकायची.

घरी हे करायला खर्च नाही. तिघांपैकी एकाने दुसऱ्या खोलीत पेले भरावेत, दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी. चाखणाऱ्याने वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनदा एकदा बरोबर येईलच. पण सलग चार वेळा बरोबर येण्याची शक्यता ८१ मध्ये एक. तेवढे जमले तर 'मला फरक कळतो' म्हणायला हरकत नाही. हाच खेळ दोन कंपन्यांच्या चहापत्तीवर किंवा आंबिया आणि मृग बहाराच्या संत्र्यांवर खेळला तर मुलांनाही बसवता येते, आणि ते अधिक बरे.

अशा झाकलेल्या परीक्षेत हजाराच्या आसपासच्या शार्डोनेकडून काय अपेक्षा ठेवावी? स्वच्छ वास, ताजा आंबटपणा, एक-दोन फळांची ओळख पटेल एवढा स्वाद आणि शेवटी कडवटपणा नसणे. एवढे असेल तर वाइन आपल्या पैशाला जागली. रेंगाळणारा शेवट, एकात एक उलगडणारे वास, वर्षे गेली तरी बाटलीत सुधारत जाणे, या गोष्टी तिच्याकडे मागू नयेत. आणि त्या नसल्या म्हणून तिला हिणवूही नये.

हा झाला चवीचा निकाल. दाराशी थबकलेल्या पेशंटचा प्रश्न मात्र दुसरा होता.

'वाइन हार्टला चांगली' हे लेबल लागले १९९१ मध्ये. फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात तरी त्यांना हृदयविकार कमी, याचे श्रेय अमेरिकन टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात लाल वाइनला दिले गेले आणि तिकडे लाल वाइनची विक्री उसळली. पुढे अनेक पाहण्यांतही असेच दिसले की थोडी पिणारे अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात. पण न पिणारे म्हणजे कोण? १९८८ मध्येच ब्रिटनच्या शेपर यांनी दाखवले होते की 'न पिणाऱ्यां'च्या गटात आजारी पडल्यामुळे सोडलेले बरेच जण असतात. त्यांची तब्येत आधीच बिघडलेली, मग तुलनेत पिणारे ठणठणीत दिसणारच. २००६ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी सुपरमार्केटमधल्या ३५ लाख बिलांची छाननी केली. वाइन घेणाऱ्यांच्या पिशवीत फळे, भाज्या आणि कमी चरबीचे चीज जास्त, बिअर घेणाऱ्यांच्या पिशवीत तयार जेवण, साखर आणि सॉसेज जास्त. श्रेय पिशवीतल्या भाजीचे, मिळाले बाटलीला. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे ३ लाख ७१ हजार लोकांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासात थोडे पिणाऱ्यांच्या इतर चांगल्या सवयी हिशेबात धरल्या, तेव्हा तो फायदा बराच विरघळला. जनुकांच्या आधारे तपासले तर धोका पिण्याच्या प्रमाणाबरोबर वाढतच गेला.

यावर खरा निकाल देणारी चाचणी म्हणजे चिठ्ठ्या टाकून काहींना रोज पेला द्यायचा आणि काहींना द्यायचा नाही. अमेरिकेत अशी मोठी चाचणी सुरूही झाली होती. तिला दारू कंपन्यांचा पैसा होता आणि तो मिळवण्यासाठी संशोधकांनी आधीच कंपन्यांशी बोलणी केल्याचे उघड झाले, तेव्हा २०१८ मध्ये ती गुंडाळण्यात आली. गाडी कोणाची हे ग्रेडरला आधीच ठाऊक होते, दुसरे काय.

लाल वाइनमधल्या रेस्व्हेराट्रॉलचे नाव बरेच घेतले जाते. हे द्रव्य द्राक्षाच्या सालीत असते आणि पांढरी वाइन करताना साल आधीच बाजूला काढतात. लाल वाइनमध्येही ते लिटरमागे काही मिलिग्रॅमच असते, प्रयोगांत वापरलेली मात्रा त्याच्या कित्येक पट. म्हणजे जो दावा लाल वाइनलाच पेलत नाही, तो शार्डोनेच्या बाटलीला चिकटवण्यात काही अर्थ नाही.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असे जाहीरपणे बोलले गेले. यकृताला ही बातमी पोहोचत नाही. ते ग्रॅम मोजते. १३ टक्के अल्कोहोल असलेल्या शार्डोनेच्या १५० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असते. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम. म्हणजे तो हलका वाटणारा पेला दीड पेगाचा. दोघांनी मिळून बाटली संपवली तर प्रत्येकाच्या पोटात जवळजवळ चार पेग गेले. वर पेल्यामागे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' लिहून आलेल्या माणसाने हा हिशेब कागदावर मांडून पाहावा.

कर्करोगाच्या बाबतीत तर वाद फारसा उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले, ज्यात तंबाखू आहे. जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट सांगितले की अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. अर्थात धोका घोटाघोटाने वाढतो. महिन्यातून एक पेला आणि रोजचा अर्धा खंबा एकाच मापाने मोजण्याचे कारण नाही. पण खर्रा खाणाऱ्याचे गणित वेगळे. तंबाखू आणि अल्कोहोल तोंडाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने वाढवत नाहीत, एकमेकांना साथ देऊन कितीतरी पटींनी वाढवतात. शरीरात अल्कोहोलपासून बनणारे असिटाल्डिहाइड पेशींच्या डीएनएला इजा करते, आणि तंबाखूतली विषे तोंडाच्या आतल्या त्वचेत शिरायला अल्कोहोल वाट करून देते. खर्रा खाऊन तोंड आधीच कमी उघडत असेल, गालात पांढरे चट्टे असतील, तर वाइनचा प्रश्न विचारण्याआधी तोंड तपासून घ्यावे. सरकारी रुग्णालयात ही तपासणी दोन मिनिटांत होते.

म्हणून त्या पेशंटला उत्तर असे: हृदयासाठी म्हणून वाइन सुरू करायची नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि उपाशीपोटी पेला घेतला, तर रात्री साखर धोकादायकपणे उतरू शकते. झोपेच्या गोळीबरोबर तर अजिबात नाही. यकृताचा आजार, गरोदरपण, हृदयाचे अनियमित ठोके, किंवा पूर्वी व्यसन लागून प्रयत्नाने सुटलेले असेल, तर चव पाहण्यापुरतीही नाही. ज्याला यातले काही नाही, पण जावयाने आणलेली बाटली खरेच कशी आहे एवढेच कळून घ्यायचे आहे, त्याने स्पर्धेतल्या परीक्षकांसारखे करावे. ते दिवसभरात कित्येक वाइन चाखतात. घोट तोंडात घोळवतात, गुण लिहितात आणि शेजारच्या भांड्यात थुंकतात.